विषय क्रमांक सात

माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत दरबान होते. दरबान म्हणजे फाटकावर उभं राहून आत जाणाऱ्याचा पास आणि बाहेर पडणाऱ्याचा डबा तपासणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी लोकांचे डबे उघडले. एकदा तर सख्ख्या साडूचा डबा उघडला. आत उरलेली अर्धी पोळी निघाली. साडू पुढे दोन वर्षं आमच्या दारात आला नाही, आणि आईला वडिलांना जे काही बोलायचं होतं ते तिने त्या दोन वर्षांत बोलून घेतलं. मी त्या घरात वाढले. संशय माझ्या रक्तातच आहे असं लोक म्हणतात, मी नाही म्हणत नाही. फक्त आईचं बोलणं ऐकून एक गोष्ट मी लहानपणीच ठरवून टाकली होती. डबा परक्याचा उघडायचा, आपल्या माणसाचा नाही.

मी कोकिळा नेहेते. यावलकडच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून चार वर्षं नोकरी शिल्लक आहे. आमच्याकडे, सगळीकडे असते तशी, महाविद्यालय विकास समिती आहे. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, शिक्षकांचे तीन प्रतिनिधी, कर्मचाऱ्यांचा एक आणि विद्यार्थ्यांचा एक, अशा सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून कॉलेज चालवायचं, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात कॉलेज ते चालवतात आणि आम्ही चहा पितो. कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी तर चहा पीतही नाही, तो आणतो. यात बदल करायचा म्हणून मी निवडणुकीला उभी राहिले. माझा प्रचार एका वाक्याचा होता. ऑफिसातून आलेला कागद मी तीनदा वाचते. चौतीसपैकी तीस मतं पडली.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी कौतिकभाऊ बैठकीची नोटीस घेऊन आले. हेच ते कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी. आमच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत, मूळचे धुळ्याकडचे, शिंदखेड्याचे. पंचवीस वर्षं इकडे राहूनही त्यांनी आपली बोली सोडलेली नाही.

"मॅडम, शनिवारले मीटिंग शे. आठे सही करा," ते सहीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले.

मी नोटीस घेतली आणि खुर्ची खिडकीकडे ओढली. पहिले सहा विषय नेहमीचे. पाण्याची टाकी, स्नेहसंमेलन, ग्रंथालयाची कपाटं वगैरे. सातव्याशी मी थांबले. 'अध्यापकवर्गाच्या एकमुखी मागणीनुसार महाविद्यालयाची वेळ जानेवारीपासून सकाळी ७.२० ते दुपारी १२.४० करणेबाबत.'

मी तो विषय तीनदा वाचला. आमचं कॉलेज दहाला भरतं. ते माझ्या आधीपासून दहाला भरतंय. आणि अध्यापकवर्गाने मागणी केली म्हणजे कोणी केली? मी अध्यापकवर्गाचीच प्रतिनिधी आहे ना!

"कौतिकभाऊ, ही मागणी कोणी केली हो?"

"माले काय ठाऊक मॅडम? ऑफिसमा टाइप व्हयनं, मी वाटी ऱ्हायनू," हातातला नोटिशींचा गठ्ठा दाखवत ते म्हणाले.

सही करताना शेजारी मी लिहिलं, 'नोटीस मिळाली. विषय ७ अमान्य.' कौतिकभाऊंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीही न बोलता निघून गेले. ऑफिसातली माणसं न बोलता निघून गेली की मला लगेच कळतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी ममता आली. ममता पावरा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पिंपळपाड्याची, तिच्या पाड्यातून विज्ञान शाखेला आलेली पहिली मुलगी. झाडं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. मी लॅटिन नाव सांगते, ती त्याच झाडाचा पाला कुठल्या दुखण्यावर लावतात ते सांगते. घरी ते लोक पावरी बोलतात, मराठी ती शाळेत शिकली. म्हणून कुठलाही मराठी मजकूर ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचते. मी तिला एकदा चिडवलंही होतं, "अगं, अक्षरं काही पळून जात नाहीत!" ती हसली होती, पण बोट काढलं नव्हतं.

यंदा प्राचार्यांनी तिला समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी नेमलं होतं. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मी नाही केलं. ही पोरगी बैठकीत तोंड उघडणार नाही, असा हिशेब करूनच त्यांनी तिला निवडलं असणार.

तिच्या हातातही नोटीस होती.

"मॅडम, सात-वीसला मी कशी येऊ? आमच्या फाट्यावर पहिली गाडी सव्वाआठला येते. ती इथे साडेनऊला पोचते. त्याच्या आधी गाडीच नाही."

"दुसरं काही? रिक्षा, जीप?"

"बाजाराच्या दिवशी जीप असते." तिने वहीचं पान पुढे केलं. पानावर तिच्या गाडीने येणाऱ्या चौदा जणींची नावं होती, आणि दुसऱ्या फाट्यावरून येणाऱ्या नऊ जणांची. "प्रॅक्टिकल पहिल्या दोन तासांना असतात ना? ती रोज बुडाली तर हजेरी भरणार नाही. हजेरी नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. बाबा म्हणतात, मग जाऊन तरी काय करते, चल माझ्याबरोबर केळीच्या बागेत."

तिचे वडील सुकलाल. मी त्यांना एकदाच भेटले आहे. मुलीला प्रवेश घ्यायला आले होते, आणि फॉर्मवर अंगठा उठवताना म्हणाले होते, "तीन वर्ष म्हणजे तीनच ना बाई? पुढे वाढवणार नाही ना?" मी म्हटलं होतं, तीनच. त्यातले पाच महिने राहिले होते.

"तू काळजी करू नको," मी ममताला म्हटलं. "ही मागणी कोणीच केलेली नाही. हे ऑफिसने आमच्या नावावर घुसवलंय. शनिवारी मी त्यांचं पितळ उघडं पाडते."

दुसऱ्या दिवशी मी थेट कार्यालय अधीक्षकांकडे गेले. प्रेमराज भंगाळे. फार हळू बोलणारा माणूस. हळू बोलणाऱ्यांवर माझा मुळातच विश्वास नाही. ज्याला लपवायचं नसतं तो मोठ्याने बोलतो.

"भंगाळे, सातव्या विषयाचं ते बनावट पत्र कुठे ठेवलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कोणतं पत्र मॅडम?"

"अध्यापकवर्गाची एकमुखी मागणी. दाखवा."

"ते बैठकीत मांडलं जाईल."

"मी समितीची सदस्य आहे. आत्ता दाखवा."

"बैठकीतच मांडलं जाईल," ते पुन्हा म्हणाले, तितक्याच हळू आवाजात. टेबलावर एक हिरवी फाइल होती. माझ्यादेखत त्यांनी तिची दोरी गुंडाळली आणि तिला दोन गाठी मारल्या. एक गाठ पुरली असती. दुसरी माझ्यासाठी होती.

त्याच दुपारी मला आणखी एक गोष्ट दिसली. अकरा आणि बारा नंबरच्या वर्गांत दोन अनोळखी माणसं टेप लावून भिंती मोजत होती. एक मोजत होता, दुसरा लिहीत होता. मी विचारलं, कसलं माप? म्हणे, बाक किती बसतील ते बघतोय, लहान बाक. लहान बाक! कॉलेजच्या पोरांना लहान बाक कशाला लागतात? क्षणात मला सगळं लख्ख दिसलं. सकाळी कॉलेज उरकायचं, आणि दुपारी त्याच खोल्यांत संस्थेची इंग्रजी शाळा भरवायची. इमारत एकच, दुकानं दोन. आणि उद्या कोणी विचारलं तर सांगायचं, शिक्षकांनीच मागितलं हो!

भुसावळहून आम्ही पाच जण रोज एका ईको गाडीतून येतो-जातो. परतीच्या वाटेवर मी सगळं सांगून टाकलं. पत्र, दोन गाठी, टेप, लहान बाक. गाडीत कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, घाबरले.

शेवटी दिपमाला बोलली. दिपमाला फिरके रसायनशास्त्र शिकवते. पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसते, गाडीतही आणि स्टाफरूममध्येही. माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणते. समितीवर तीही शिक्षकांची प्रतिनिधी आहे. तिसरे इतिहासाचे वराडे सर, ते कुठल्याही बाजूने बोलणाऱ्याकडे पाहून मान हलवतात.

"अक्का, सकाळची वेळ झाली तर तसं वाईट आहे का गं?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे..." ती बाहेर बघायला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. "सासऱ्यांना बघायला भिकुबाई येते ना, ती बाराला निघून जाते. मी घरी पोचते सहाला. मधले सहा तास ते एकटेच. परवा पलंगावरून पडले, तर मी येईपर्यंत तसेच खाली."

मला तिचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी म्हटलं, "तुला वेळ बदलून हवी असेल तर उघड माग. मी आडवी येणार नाही, भांडेन फक्त. पण आपल्या नावावर त्यांनी का मागावी? हे खोटं आहे, आणि त्या ममताचं शिक्षण बुडणार आहे."

मी पर्समधलं संत्रं सोलून तिला अर्धं दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं. भुसावळ येईपर्यंत खाल्लं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही. ऑफिसातल्या माणसाने न बोलता पाठ फिरवली तर मी त्याचा गाठोडंभर अर्थ लावते. दिपमालाने संत्रं खाल्लं नाही, तर तिला भूक नसेल.

आमच्या स्टाफरूमची एक रीत इथे सांगायला हवी. तिथे मधल्या सुट्टीत कसला ना कसला कागद फिरत असतो. कोणाच्या निवृत्तीचा निरोप समारंभ, मनुदेवीची सहल, वॉटर कूलर दुरुस्त करा असा अर्ज. कोणीतरी एक जण कागद घेऊन टेबलाभोवती फिरतो आणि आम्ही सह्या करत जातो. तो वाचायचा नसतो. आपल्यातल्याच माणसाने आणलेला कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. एकदा एका नव्या सरांनी वाचून सही केली होती, तर महिनाभर सगळे त्यांना 'जज्जसाहेब' म्हणत होते. मीही म्हणत होते. जेवताना कागद आला तर मी डाव्या हाताने डबा सावरते, उजवा खरकटा हात रुमालाला पुसल्यासारखा करते आणि विचारते, कुठे करू? कागद आणणारा बोट ठेवतो, मी तिथे सही करते.

शुक्रवारी मी ममताला बोलावलं. माझ्या डोक्यात योजना पक्की होती. मी उठून बोलले तर प्राचार्य म्हणणार, नेहेते मॅडमना सगळीकडे भुतं दिसतात. सुरुवात विद्यार्थिनीने केली तर त्यांना हसता येणार नाही.

"उद्या सातवा विषय आला की तू उभी राहा. आधी गाड्यांच्या वेळा सांग, चौदा आणि नऊ सांग. आणि मग ठणकावून म्हण, आमच्या एकाही शिक्षकाने ही मागणी केलेली नाही, हे पत्र खोटं आहे. पुढचं मी बघते."

तिने नोटिशीवरून बोट फिरवलं. "मॅडम, पत्र तुम्ही पाहिलं?"

"ते दाखवतच नाहीत. खरं असतं तर दाखवलं नसतं का?"

"खरंच कोणी मागणी केलेली नाही ना?"

"मी सांगते ना तुला."

तिने मान हलवली. सत्तावीस वर्षांत मी पोरांना खूप काही सांगितलं असेल. इतक्या खात्रीने क्वचितच सांगितलं असेल.

शनिवारी अकराला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक सुरू झाली. अध्यक्ष आबासाहेब वेळेवर आले. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरं धोतर, पाठ ताठ. त्यांची एक जुनी शिस्त आहे. बैठकीचं इतिवृत्त तिथल्या तिथे, बांधीव रजिस्टरात, हाताने लिहायचं. नंतर घरी नेऊन टाइप करणं नाही. आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय चहा नाही. भंगाळे रजिस्टर उघडून बसले होते. ते सदस्य नाहीत, लिहायला असतात. हिरवी फाइल त्यांच्या कोपराखाली होती.

सहा विषय अर्ध्या तासात झाले. प्राचार्यांनी सातवा वाचला. मी ममताकडे पाहून मान हलवली.

ती उठली. गाड्यांच्या वेळा सांगितल्या, तेवीस जणांची नावं एक एक वाचली. आबासाहेब कान देऊन ऐकत होते. मग ती ठणकावून म्हणाली, "आणि आमच्या एकाही शिक्षकाने ही मागणी केलेली नाही. हे पत्र खोटं आहे."

प्राचार्य हसले. मला ते हसू आवडलं नाही.

"कोणी सांगितलं तुला हे, ममता?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगितलं," मी उठून उभी राहिले. "ऑफिसने आमच्या नावावर परस्पर विषय घुसवलाय. मी पत्र मागितलं, मला दाखवलं नाही. वर्ग मोजून झालेत. समिती सगळ्यांची आहे ना? मग शिक्षकांच्या तोंडात शब्द कोंबायचा अधिकार ऑफिसला कोणी दिला? माझी मागणी आहे की या बनावट पत्राची चौकशी व्हावी आणि भंगाळे यांनी खुलासा द्यावा."

भंगाळ्यांनी फाइलची पहिली गाठ सोडली. मग दुसरी. एक कागद काढून त्यांनी तो आबासाहेबांपुढे ठेवला. आबासाहेबांनी तो लांब धरून वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

'आम्ही खाली सह्या करणारे सर्व अध्यापक विनंती करतो की...' मजकूर दोनच ओळींचा. खाली चौतीस सह्या, अनुक्रमासहित. पहिली दिपमालाची. दुसरी वराडे सरांची. तिसरी मराठीच्या कामिनी मॅडमची. चौथी माझी.

मी आधी त्या सहीतही खोट शोधली. हो, अजूनही शोधली. 'कि'ची वेलांटी, 'ने'ची मात्रा, शेवटचा फाटा. मग सहीच्या शेजारी मला एक पिवळा, पारदर्शक डाग दिसला, रुपयाएवढा. लोणच्याच्या तेलाचा. माझ्याच डब्यातल्या लोणच्याचा. ऑक्टोबरातली ती दुपार मला आठवली. दिपमाला कागद घेऊन आली, मी विचारलं कुठे करू, तिने बोट ठेवलं.

"अक्का," दिपमाला हलक्या आवाजात म्हणाली, "मी त्या दिवशी म्हटलं होतं, वेळेचं आहे म्हणून. तू म्हणालीस, आण इकडे."

म्हटलं असेल. मी ऐकलं नव्हतं. गाडीत सगळे गप्प का बसले, संत्रं का खाल्लं नाही, कौतिकभाऊ न बोलता का गेले, सगळं एकदम कळलं. माझ्याच सहीच्या कागदाला मी बनावट म्हणत फिरत होते आणि अख्ख्या कॉलेजला ते माहीत होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे ममता अजून उभीच होती. बस म्हणून तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला तो कागद दिसत होता. तिने वाचायला बोट लावलं नाही, माझी सही तिला लांबूनही ओळखता येते. प्रॅक्टिकलच्या प्रत्येक पानावर असते ती.

"मग मॅडम?" प्राचार्य म्हणाले. "शिक्षकांनी एकमताने मागितलं, आम्ही फक्त मान दिला. कधी तरी आम्ही तुमचं ऐकलं, तर तेही बनावट! विषय मंजूर समजायचा ना?"

गप्प बसणं सोपं होतं. चौतीस सह्या होत्या, दिपमालाचे सासरे होते, माझंही दुपारी दोनला घर होतं.

"नाही," मी म्हटलं. "सही माझीच आहे. मी ती वाचून केलेली नाही. मी ती मागे घेते. असं इतिवृत्तात लिहा."

"असं लिहिणं तुम्हाला बरं दिसणार नाही," प्राचार्य म्हणाले.

"मला काय दिसायचं ते दिसलंय. लिहा."

भंगाळ्यांनी पेन उचललं. "मॅडम, शब्द सांगा."

मी सांगितले. "शिक्षक प्रतिनिधी श्रीमती कोकिळा नेहेते यांनी मागणीपत्रावर मजकूर न वाचता सही केल्याचे मान्य केले व सही मागे घेतली." ते लिहीत गेले. त्यांनी त्यात एकही शब्द वाढवला नाही.

आबासाहेबांनी विचारलं, "या पोरीने सांगितलेल्या गाड्यांचं कोणी पाहिलं होतं का?"

"कार्यालयाची टिपणी आहे, आबा," भंगाळे म्हणाले आणि फाइलमधून दुसरा कागद काढला. "ऑक्टोबरातच जोडली होती. एस.टी.ने नऊनंतर पोचणारे सगळे मिळून त्रेसष्ट विद्यार्थी आहेत. सगळ्यांच्या पासवर गाव असतं, त्यावरून काढलंय. आधी लवकरच्या गाडीसाठी आगाराला पत्र द्यावं, असं मी सुचवलं होतं." मग ते माझ्याकडे वळले. आवाज तसाच हळू. "मॅडम, तुम्ही पत्र दाखवा म्हणाला असतात तर दाखवलं असतं. तुम्ही बनावट पत्र दाखवा म्हणालात. तसं माझ्याकडे नव्हतं."

ही टिपणी प्राचार्यांकडे दोन महिने पडून होती, आणि त्यांनी ती बैठकीपुढे का आणली नाही, असं विचारायला हवं होतं. एरवी मी विचारलं असतं. त्या दिवशी माझ्या संशयाला कोणी अर्ध्या पोळीचाही भाव दिला नसता.

आबासाहेबांनी काठी जमिनीवर टेकवली. "शिक्षकांचं एकमत आहे म्हणून मी विषय घेतला होता. एकमत नाही, तर घाई नाही. दुपारी इमारत रिकामी राहिली असती तर तिचंही काही करता आलं असतं, पण ते पुढे बघू. आगाराला पत्र द्या. विषय पुढच्या बैठकीत. लिहा."

म्हणजे लहान बाकांबद्दल माझं चुकलेलं नव्हतं. पण आता ते सांगायला तोंड कुठे होतं?

प्राचार्यांनी मजकूर सांगितला, भंगाळ्यांनी लिहिला. रजिस्टर सह्यांसाठी फिरायला लागलं, आणि सगळ्यांत जवळ मी बसले होते. मला त्या केबिनमधून लवकरात लवकर बाहेर पडायचं होतं. मी सही केली आणि रजिस्टर पुढे ढकललं. दिपमालाने केली, माझ्याकडे न बघता. वराडे सरांनी मान हलवली आणि केली. कौतिकभाऊ किटली घेऊन आले होते, ती खाली ठेवून त्यांनी केली आणि पुन्हा किटली उचलली. शेवटी रजिस्टर ममतापुढे आलं.

तिने पेन घेतलं नाही. बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागली.

पाण्याची टाकी. स्नेहसंमेलन. कपाटं. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. माझ्या कबुलीच्या ओळीवर तिचं बोट पोचलं, तेव्हा मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिले. तिथे ती थांबली नाही, पण घाईही केली नाही.

"पोरी, चहा निवतोय," आबासाहेब म्हणाले.

"हो आबा. झालंच." बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला गेलं, आणि परत त्याच ओळीच्या सुरुवातीला आलं. मग तिने मान वर केली. "सर, यात लिहिलंय, विषय पुढील बैठकीत विचारार्थ. पण तोपर्यंत कॉलेज किती वाजता भरणार, ते नाही लिहिलं. नोटिशीत तर जानेवारीपासून सात-वीस आहे."

"ते गृहीतच आहे," प्राचार्य म्हणाले.

"मग लिहा ना सर."

आबासाहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. ते वाक्य राहून गेलं होतं की ठेवलं गेलं होतं, हे मला आजही माहीत नाही. कॅलेंडर बघितलं तर पुढची बैठक एप्रिलात होती, आणि नोटिशीतला जानेवारी त्याच्या आधी येत होता.

"लिहा भंगाळे," आबासाहेब म्हणाले.

सह्यांच्या वर जेमतेम एका ओळीची जागा होती. भंगाळ्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'तोपर्यंत महाविद्यालयाची वेळ पूर्वीप्रमाणे सकाळी १० ते सायं. ५ राहील.'

"सहीनंतर मजकूर वाढला," ते म्हणाले. "सगळ्यांनी त्या ओळीशेजारी परत सही करावी लागेल."

ममताने सही केली, ठळक आणि सावकाश. मग रजिस्टर टेबलावरून सरकवायच्या ऐवजी ती ते उचलून माझ्या खुर्चीपाशी घेऊन आली. कौतिकभाऊ मागे किटली घेऊन थांबले होते. मी पेन उचललं. हात सवयीने सहीच्या जागेकडे गेला.

"मॅडम, आधी वाचून घ्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तिने नव्या ओळीच्या पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. मी वाचायला लागले, मोठ्याने. मी पुढे जाईन तसं ते बोट पुढे सरकत होतं, आणि माझा शेवटचा शब्द वाचून होईपर्यंत तिने ते काढलं नाही.